आधी छप्पर, मग शिक्का

गेल्या महिन्यात कोल्हापुरात एका परिसंवादाला गेले होते. फलकावर मोठ्या अक्षरांत विषय होता : ‘घुसखोर की शरणार्थी?’ दोन वक्ते एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला. एकानं ‘देश म्हणजे धर्मशाळा नव्हे’ म्हटलं, टाळ्या पडल्या. दुसऱ्यानं ‘अतिथी देवो भव’ म्हटलं, तेवढ्याच टाळ्या पडल्या. बांगलादेशातून येणारे आणि म्यानमारमधून येणारे यांत फरक करायचीही कुणाला गरज वाटली नाही. दीड तास वाद घाण्याच्या बैलासारखा त्या दोन शब्दांभोवती फिरत राहिला. मिझोराममध्ये म्यानमारच्या सीमेवर झोखावथार नावाचं गाव आहे. तिथे एखादी बाई रात्री नदी उतरून येते, कडेवर एक आणि हाताशी एक पोर. तिनं त्या रात्री झोपायचं कुठे, हे ना या बाजूनं विचारलं, ना त्या बाजूनं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ती बाई घुसखोर की शरणार्थी हा प्रश्न खरा आहे, आणि तो सरकारनंच सोडवायला हवा. पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न छपराचा, भाताचा, बाळंतपणाचा आणि पोराच्या शाळेचा. आपल्याकडे दुसऱ्याचं उत्तर मिळेपर्यंत पहिला अडवून धरतात. गंमत अशी, की दुसऱ्याचं उत्तर द्यायची सोयच आपण केलेली नाही. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं सही केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९४६चा परकीय नागरिक कायदा जाऊन २०२५मध्ये नवा आला, पण निर्वासित कुणाला म्हणायचं हे त्यानंही ठरवलं नाही. तिबेटी, श्रीलंकेचे तमिळ, पाकिस्तान-बांगलादेश-अफगाणिस्तानातले अल्पसंख्याक अशा काही गटांना वेगवेगळ्या आदेशांनी सवलती आहेत. म्यानमारच्या चिन जमातीच्या बाईचं नाव त्यांत कुठेच नाही. म्हणजे शिक्का मारणारं टेबलच मांडलेलं नाही, आणि आपण तिला सांगतोय, शिक्का आण, मग छप्पर देऊ.

झालं काय, ते थोडं नीट पाहू. १ फेब्रुवारी २०२१ला म्यानमारच्या लष्करानं सत्ता बळकावली. मिझोरामची ५१० किलोमीटरची सीमा त्या देशाला लागून आहे. बऱ्याच ठिकाणी ती सीमा म्हणजे तियाउ नावाची एक नदी, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची. माणसं येऊ लागली. १० मार्चला केंद्रीय गृहखात्यानं ईशान्येच्या चार राज्यांना कळवलं, की कुणालाही निर्वासिताचा दर्जा द्यायचा अधिकार राज्यांना नाही, लोंढा रोखा. मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी आठवड्याभरात पंतप्रधानांना पत्र लिहून हे आपल्या राज्याला मान्य नसल्याचं सांगितलं. शेजारच्या मणिपूरच्या गृहखात्यानं मात्र २६ मार्चला सीमेवरच्या जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं, की छावण्या उघडू नका, अन्न-निवाऱ्याची सोय करू नका, सामाजिक संस्थांनाही करू देऊ नका, आणि आश्रय मागायला येणाऱ्यांना ‘नम्रपणे’ परत पाठवा. तीन दिवसांत ओरड झाली आणि पत्र मागे घेतलं गेलं. मला त्या ‘नम्रपणे’चं फार आश्चर्य वाटतं. ज्यानं तो मसुदा लिहिला, त्याला आतून कुठेतरी ठाऊक असणार, की दारातल्या उपाशी माणसाला घालवून देणं ही काही बरी गोष्ट नव्हे. म्हणून त्यानं क्रियापद तसंच ठेवलं आणि क्रियाविशेषण मऊ केलं.

मिझोराममध्ये सरकारच्या आधी गावं हलली. यंग मिझो असोसिएशन ही १९३५पासूनची संघटना, तिच्या गावोगाव शाखा. तरुणांनी बांबू तोडले, ताडपत्र्या बांधल्या, चर्चमधून तांदूळ गोळा झाला. मिझो भाषेत ‘त्लॉमन्गाइहना’ असा एक शब्द आहे. दुसऱ्याच्या अडचणीला स्वतःचं काम टाकून धावणं, आणि त्याचा गवगवा न करणं, असं काहीसं त्यात येतं. त्या वर्षी ऑक्टोबरात म्यानमारच्या चिन राज्यातलं थांतलांग हे गाव लष्कराच्या तोफगोळ्यांनी पेटलं, एका दिवसात दीडशेहून जास्त घरं जळाली, तेव्हा तिथून निसटलेल्यांपैकी कित्येकांना पहिलं छप्पर मिळालं ते या ताडपत्र्यांचं. पुढे मिझोराममधल्या म्यानमारच्या लोकांचा आकडा तीस हजारांवर गेला. राज्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत १० लाख ९७ हजार. दर शंभर माणसांमागे तीन पाहुणे. महाराष्ट्राला हेच प्रमाण लावलं तर तेहतीस लाख होतात. आपण तेहतीस लाखांना जागा केली असती का, हा प्रश्न मी परिसंवादात विचारणार होते. माईक फिरून माझ्यापर्यंत आलाच नाही.

या माणसांत बायका, मुलं आणि म्हातारे जास्त दिसतात, यामागे साधं कारण आहे. घरातला पुरुष लढायला मागे राहतो, किंवा तुरुंगात असतो, किंवा मलेशियात कामाला गेलेला असतो. शेत सोडून, सासूला सांभाळून, पोरं घेऊन डोंगर उतरायचं काम बाईच्या वाट्याला येतं.

आता विरोधी बाजू. ती मी हलक्या हातानं बाजूला सारणार नाही, कारण तिच्यात दम आहे. पहिला मुद्दा सुरक्षेचा. झोखावथार-चंफाई हा काही फक्त अश्रूंचा रस्ता नाही. हेरॉइन, नशेच्या गोळ्या, चोरटी सुपारी याच वाटेनं येते, हे तिथली पोलीस पथकं दर महिन्याला पकडलेल्या मालानिशी सांगतात. सीमेपलीकडे सशस्त्र गट आहेत. २०२३च्या जानेवारीत म्यानमारच्या विमानांनी चिन बंडखोरांच्या तळावर बॉम्ब टाकले, तो तळ तियाउच्या अगदी काठावर होता. कोण येतंय हे जाणून घ्यायचा देशाला अधिकार आहे, आणि तो कुणी नाकारत असेल तर मी त्याच्या बाजूची नाही. पण मग विचारायचं ते असं : कोण आलंय हे कळायला कुठली पद्धत बरी? बाई उजेडात छावणीत आली, नाव सांगितलं, पोरांची नावं सांगितली, वहीत नोंद झाली, ही? की अन्न-निवारा बंद ठेवला, म्हणून ती जंगलवाटेनं एखाद्या दलालाच्या मागून गुवाहाटीला, तिथून दिल्लीला गेली, ही? मादक माल आणणाऱ्याला छावणीतल्या खिचडीची गरज नसते. निवारा बंद केल्यानं अडते ती फक्त ती बाई.

इथे मिझोरामचंही चुकलं, हे सांगायला हवं. केंद्रानं २०२३मध्ये आलेल्यांची बोटांचे ठसे घेऊन नोंद करायला सांगितलं, तेव्हा राज्यानं नकार दिला. या यादीचा उपयोग उद्या परत पाठवायला होईल, ही त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. तरी नकार चुकीचाच होता. २०२५मध्ये शेवटी ते काम सुरू झालं. ज्याची कुठे नोंद नाही, त्याच्यावर अन्याय झाल्याचीही नोंद राहत नाही.

आणि दर्जाशिवाय निवारा देता येत नाही म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट आठवावी. २०२३च्या नोव्हेंबरात झोखावथारसमोर, नदीपलीकडे, रिखावदारच्या लष्करी ठाण्यावर बंडखोरांनी हल्ला केला. त्यानंतर काही महिन्यांत म्यानमारचे शेकडो सैनिक, गणवेश घातलेले, जीव वाचवायला मिझोराममध्ये शिरले. त्यांच्यापाशी कुठला व्हिसा होता? आपण त्यांना ठेवून घेतलं, खाऊ घातलं, आणि विमानानं सन्मानानं घरी पोचवलं. ते योग्यच केलं. पण ज्यांनी गाव जाळलं त्या फौजेच्या माणसाला आधी छप्पर आणि मग कागद, आणि जिचं गाव जळलं तिला आधी कागद आणि मग छप्पर, हा क्रम मला अजून कुणी समजावून दिलेला नाही.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे, आणि परिसंवादात तो कुणीच मांडला नाही, याचं मला वाईट वाटलं. चिन हे मिझोंचे भाऊबंद आहेत. भाषा जवळची, धर्म एक, आडनावं ओळखीची. भाऊबंदांना घरात घेणं याला माणुसकी म्हणायचं की गोतावळा? याच मिझोराममधून १९९७मध्ये ब्रू समाजाची हजारो माणसं त्रिपुरात पळाली आणि वीसहून अधिक वर्षं छावण्यांत राहिली. २०२०च्या करारानंतर त्यांच्या कायम वस्तीचा मार्ग निघाला. इतकंच काय, चिन लोकांनाही हे प्रेम नेहमी मिळालेलं नाही. २००३मध्ये एका बलात्काराच्या आरोपानंतर याच यंग मिझो असोसिएशनच्या पुढाकारानं चिन कुटुंबांना ऐझॉलमधल्या घरांतून हुसकावलं होतं. हजारो माणसं एका माणसाच्या कथित गुन्ह्यापायी नदीपलीकडे गेली.

हे सगळं मान्य. मात्र यातून निघतं ते माझ्या म्हणण्याच्या बाजूचं. गावाचं मन एका वर्षी उघडतं, दुसऱ्या वर्षी मिटतं. ज्या बाईचं छप्पर शेजाऱ्याच्या मर्जीवर टिकून आहे, ती बाई छपराखाली असूनही उघड्यावर आहे. म्हणूनच ही गोष्ट मायेवर सोडायची नसते, ती नियमात बांधायची असते. आणि नियमाला पाया आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २१ जीविताचं संरक्षण ‘नागरिकाला’ देत नाही, ‘व्यक्तीला’ देतो. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या बाबतीत १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. मग २०२१च्या एप्रिलमध्ये रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं म्हटलं, की जीविताचा हक्क सर्वांना असला, तरी इथे राहू देण्याचा हक्क फक्त नागरिकांचा. आणि मे महिन्यात मणिपूर उच्च न्यायालयानं म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयाकडे दाद मागायची मुभा दिली. जीव वाचवायला आलेल्याला साधा घुसखोर म्हणता येत नाही, असा त्याचा रोख होता. महिन्याभरात दोन दिशा. कायदा नसला की न्याय असा न्यायाधीशागणिक बदलतो. एक काम मात्र मिझोरामनं नेमकं केलं. २०२१च्या ऑगस्टअखेर तिथल्या शालेय शिक्षण विभागानं शाळांना कळवलं, की शिक्षणहक्क कायद्याखाली सहा ते चौदा वर्षांच्या या मुलांना प्रवेश द्या. कायदा ‘प्रत्येक बालक’ म्हणतो, ‘प्रत्येक भारतीय बालक’ म्हणत नाही. कुणीतरी तो नीट वाचला, इतकंच.

आता कोल्हापूरचं. आमच्या घरातल्या दोन्ही लग्नांचे बस्ते गांधीनगरला बांधले. पंचक्रोशीतलं कुणाचंही लग्न ठरलं की पाय आपोआप तिकडे वळतात. ही कापडपेठ सिंधी निर्वासितांनी उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांच्या आधी तिथे कोण होतं, हे कमी जणांना. १९४३ ते १९४८ या काळात तिथे, वळिवड्याच्या छावणीत, सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. सोव्हिएत सत्तेनं त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलं होतं. तिथून इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोचली. त्यांना आपण शाळा, चर्च, दवाखान्यासकट एक गावच वसवू दिलं. यावर परिसंवादातल्या एका वक्त्यानं चपखल उत्तर दिलं होतं, ‘त्या छावणीचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारनं केला, व्यवस्था इंग्रजांची होती, आपण फक्त जागा दिली.’ बरोबर आहे. पण गोष्ट तिथे संपत नाही. १९४५च्या जुलैमध्ये ब्रिटननं त्या लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. ज्यांच्या नावानं हे लोक इथे आले होते, ते सरकार जगाच्या लेखी उरलं नाही. मायदेशी नवी राजवट आली, जिच्याकडे जायची यांना भीती. कागदानं पाहिलं तर वळिवड्याची पाच हजार माणसं एका रात्रीत कुणाचीच राहिली नाहीत. छावणी बंद केली का? ती आणखी जवळजवळ तीन वर्षं चालली, हळूहळू माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, पोलंड अशी पांगली, आणि मोकळ्या बराकींत सिंधी आले. शिक्का नाहीसा झाला, छप्पर राहिलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं, तेव्हा आम्हा कोल्हापूरकरांना केवढा अभिमान वाटला! त्याच आठवड्यात तियाउकाठच्या ताडपत्र्या पावसात गळत असणार.

‘पोल गेले, पण सगळे जात नाहीत,’ हा पुढचा आक्षेप. १९७१मध्ये जवळपास एक कोटी माणसं पूर्व बंगालमधून आली. त्यांच्यासाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आईच्या ट्रंकेतल्या जुन्या पाकिटांवर ती तिकिटं अजून आहेत. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर त्यांतली बहुतेक माणसं काही महिन्यांत परतली. बहुतेक म्हणजे सगळी नव्हे. आणि ईशान्येच्या भीतीला पुण्या-कोल्हापुरात बसून हसणं मला पटत नाही. फाळणीनंतर आलेल्या लोंढ्यांनी त्रिपुरातले आदिवासी आपल्याच राज्यात अल्पसंख्य झाले. आसामात सहा वर्षं आंदोलन पेटलं ते उगाच नव्हे. जमीन जाते, भाषा मागे पडते, मतदारयादी बदलते, हे तिथल्यांनी पाहिलेलं आहे. पण ही भीती कशाची आहे, ते नीट पाहा. ती जमिनीच्या पट्ट्याची, मताची, नागरिकत्वाची आहे. हा सगळा दुसरा प्रश्न. छावणीतल्या बाळंतपणानं मतदारयादीत नाव चढत नाही. जन्माचा दाखला म्हणजे नागरिकत्व, हा समज तर कायद्यानंच खोडून काढलाय : ३ डिसेंबर २००४पासून, आई-वडिलांपैकी एकजण जरी बेकायदा आलेला असेल तरी, इथे जन्मलेलं मूल जन्मानं भारतीय होत नाही. हा नियम मला कठोर वाटतो, पण आहे. मग त्या मुलाच्या जन्माची नोंद करायला आपण कचरतो कशासाठी?

तरीही निवारा या शब्दाला मी बिनशर्त ओवाळणार नाही, आणि इथे माझा वाद माझ्याच बाजूच्या मंडळींशी आहे. बायकांच्या बाबतीत निवारा फार चटकन कोठडी होतो. फाळणीत पळवलेल्या बायकांना परत मिळवण्यासाठी १९४९मध्ये आपण कायदा केला. त्यात ‘अपहृत व्यक्ती’ कोण? मुलगा असेल तर सोळा वर्षांखालचा. स्त्री असेल तर कोणत्याही वयाची. चाळीस वर्षांची बाई कायद्यानं सोळाच्या आतल्या पोराच्या रांगेत बसवली. तुला कुठे जायचंय, हे तिला विचारणं कायद्यानं आवश्यक मानलं नाही. कित्येकींना दुसऱ्यांदा उचललं गेलं, या वेळी सरकारी गाडीतून, आणि पोटची पोरं मागे राहिली. नंतरचंही एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच. १९९६च्या फेब्रुवारीत पोलिसांनी कामाठीपुऱ्यातून शेकडो मुली सोडवल्या, त्यांत नेपाळच्या पुष्कळ होत्या. या आमच्याच कशावरून, कागद कुठे, म्हणत नेपाळ सरकारनं त्यांना घ्यायला महिनोन्‌महिने टाळाटाळ केली, आणि मुली इथल्या सुधारगृहांत अडकून पडल्या. शेवटी ‘माइती नेपाळ’सारख्या संस्थांनी त्यांना नेलं. माइती म्हणजे नेपाळीत माहेर. त्यांतल्याच काही मुलींनी पुढे ‘शक्ती समूह’ ही संघटना काढली, आणि २०१३मध्ये तिला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्यांना ठेवायचं कुठे हा दोन देशांना पेच पडला होता, त्या आता सीमेवरच्या इतर मुलींसाठी दार उघडतात. मी म्हणते तो निवारा असा, आतून कडी उघडता येणारा. तिला फोन करता यावा, रोजगार करता यावा, निघून जाता यावं.

शिक्का आधी पाहायची सवय लागली की ती परक्यांपाशी थांबत नाही. २०२५च्या जूनमध्ये दिल्लीत कामाला आलेली बीरभूमची एक गरोदर बाई बांगलादेशी ठरवून सीमेपार ढकलली गेली. तिकडे तुरुंगात पडली. कलकत्ता उच्च न्यायालयानं हद्दपारी रद्द केली, तरी डिसेंबर उजाडेपर्यंत ती परत आली नाही. त्याच जूनमध्ये आपल्या मिरा रोड भागातून पकडलेला मुर्शिदाबादचा मजूर असाच पलीकडे टाकला गेला आणि मग आणावा लागला. भाषा बंगाली आणि खिसा रिकामा, एवढ्यावर घुसखोर ठरत असेल, तर ही चाळणी नेमकं काय चाळतेय?

कुंपण घाला, माझी हरकत नाही. म्यानमारच्या सीमेवर १,६४३ किलोमीटर कुंपण घालायची घोषणा झालेली आहे. पूर्वी सीमेलगतच्या माणसांना दोन्हीकडे सोळा किलोमीटर ये-जा करता यायची. २०२४च्या अखेरीस ती दहावर आली, पास लागू झाले, आणि ये-जा करायला ४३ ठिकाणं ठरली. म्हणजे ४३ जागी पास देणारा माणूस, त्याची वही, ठसे घ्यायचं यंत्र. त्या वहीशेजारी एक पक्की खोली बांधायला किती पैसे लागतील? दोन खाटा, पाण्याची टाकी, एक परिचारिका, तिथली भाषा येणारी एक बाई, आणि मुक्कामाला येणाऱ्यांच्या नोंदीची वेगळी वही. परिसंवादात मला हेच विचारायचं होतं. आयोजकांनी पुढच्या वेळी माईक आधी मागच्या रांगेकडे फिरवू असं सांगितलंय, तेव्हा आकडेमोड करून जाणार आहे.